झाडाला न लागणारं मूलद्रव्य

प्रणाली वाघमोडे पडली तेव्हा शंभर मीटरच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे होती.

नवांकुर वसाहतीच्या शाळेचा क्रीडादिन होता. मुलांच्या शर्यती आटोपल्या आणि शिक्षिकांची शर्यत लागली. प्रणाली ही तिथली खेळाची शिक्षिका. वय सव्वीस, कॉलेजात असताना राज्याच्या खो-खो संघात खेळलेली. तीच जिंकणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मुलं सुरुवातीपासूनच तिच्या नावानं ओरडत होती. शेवटची दोरी दहा पावलांवर आली आणि तिचे पाय एकदम मंदावले. तिनं छातीवर हात ठेवला, कुणीतरी हाक मारल्यासारखं मागे वळून पाहिलं आणि मटकन खाली बसली. बसली ती आडवीच झाली.

बक्षिसं वाटायला बोलावलेली शैलजा माळवदे व्यासपीठावरून धावत मैदानात आली. तिच्या नावाआधी 'डॉक्टर' होतं, पण ते वनस्पतिशास्त्रातलं. तिनं प्रणालीचं डोकं मांडीवर घेतलं आणि "अगं, डोळे उघड, डोळे उघड" एवढंच म्हणत राहिली. मुलं अजून ओरडतच होती. लांबच्या मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

"ऊन लागलं असणार," मुख्याध्यापक म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑक्टोबरचं ऊन होतं, सांगोल्याचा माळ होता. दुपारी चार वाजता इस्पितळातून निरोप आला, प्रणाली गेली.

तीनच आठवड्यांपूर्वी हीच मुलगी शैलजाच्या घरी आली होती. शैलजाची लेक गार्गी सातव्या महिन्यात होती. ती कोल्हापूरहून डोहाळजेवणासाठी आली होती, आणि वसाहतीतल्या बायकांनी तिला हिरव्या चुड्यानं मढवून झोपाळ्यावर बसवलं होतं. प्रणालीला जरा कणकण होती, नाक वाहत होतं, तरी तिनं गाणी म्हणून सगळ्यांना हसवून सोडलं होतं. ती मुलगी ऊन लागून जावी हे शैलजाला पटेना. पण दुसरं कारण तरी काय असणार?

पुढच्या नऊ दिवसांत वसाहतीत आणखी तिघं गेली. दोन मुलांची एक आई, संगणक विभागातली एक नुकती लागलेली मुलगी आणि तिसरीतली एक विद्यार्थिनी. ती विद्यार्थिनी तर उन्हात गेलीच नव्हती. तापानं घरात झोपून होती.

नवांकुर ही महाराष्ट्राच्या कौतुकाची वसाहत होती. भोवती सौरऊर्जेचं अफाट रान, मध्ये चार हजार माणसं आणि त्यांना पोसणारे अकरा उंच मनोरे. या मनोऱ्यांत मातीचा कण नव्हता. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, भाजी, सगळं पाण्यात वाढायचं आणि त्या पाण्यात झाडाला लागणारी मूलद्रव्यं मोजून सोडलेली असायची. दूध, दहीसुद्धा मनोऱ्यातल्या सोयाबीनचं. पाऊस पडो न पडो, वसाहतीच्या ताटात खंड नव्हता. देशोदेशीची माणसं ते बघायला यायची आणि जाताना शैलजाला हात जोडायची, कारण त्या पाण्याचं सूत्र तिचं होतं. दोन वर्षांपूर्वी तर तिनं ते आणखी निर्मळ केलं होतं. आधी बोअरचं पाणी आणि बाजारातली साधी खतं वापरायचे. त्यांत काय काय मिसळलेलं असे, कुणाला पत्ता नसे. शैलजानं ते सगळं बंद केलं. हवेतून धरलेलं शुद्ध पाणी, औषधाच्या प्रतीचे क्षार, नको असलेला एक कणही नाही. पीक सव्वापट वाढलं. दिल्लीला तिचा सत्कार झाला.

दहाव्या दिवशी सकाळी वसाहतीच्या इस्पितळातून डॉ. इरफान मुजावरांचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जाता? आजाराचं बोलायचं नाही. तुमच्या विषयातलं विचारायचंय."

मुजावरांनी पुण्याहून धातुवेध नावाचं यंत्र मागवून घेतलं होतं. ते नुकतंच वापरात आलं होतं. त्याचं तत्त्व सोपं होतं. क्ष-किरणांची बारीक धार अणूवर पडली की तो अणू क्षणभर चमकतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याची चमक वेगळी असते. लोखंडाची वेगळी, तांब्याची वेगळी. धातुवेध ती चमक छातीबाहेरून टिपायचं आणि जिवंत हृदयाच्या स्नायूत कुठलं मूलद्रव्य किती आहे याचं रंगीत चित्र पडद्यावर काढायचं. पूर्वी यासाठी हृदयाचा तुकडा काढावा लागे.

"हे पुण्याच्या एका निरोगी माणसाचं," मुजावर म्हणाले. पडद्यावर मुठीएवढं हृदय धडधडत होतं. "लाल दिसतंय ते लोखंड. निळं जस्त, हिरवं तांबं. आणि ही पिवळी झाक बघा, सगळीकडे हळद भुरभुरल्यासारखी. आता हे बघा. आपल्याकडच्या बावीस जणांची चित्रं काढलीत."

लाल होता, निळा होता, हिरवाही होता. पिवळा कुठेच नव्हता.

"पिवळं काय आहे?" शैलजानं विचारलं.

"सेलेनियम. असतं किती, तर अख्ख्या शरीरात मिळून चिमूटभरसुद्धा नाही. पण हृदय दिवसाला लाखभर वेळा आकसतं, मॅडम. तेवढा प्राणवायू जाळायचा म्हणजे ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या विझवणारी जी प्रथिनं आहेत त्यातली महत्त्वाची सेलेनियमवर चालतात. ते नसेल तर स्नायू आतल्या आत करपतो. प्रणालीचं हृदय मी हातात घेतलं होतं. दुप्पट फुगलेलं, आणि त्यावर पांढरे डाग. चीनच्या एका भागात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशी माणसं मेली होती. तिथल्या मातीतच सेलेनियम नव्हतं. तरण्या बायका आणि मुलं जास्त." ते थांबले. "तुमच्या पाण्यात सेलेनियम किती सोडता?"

शैलजाला ती यादी झोपेतून उठवलं तरी म्हणता आली असती. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन, निकेल. चौदा.

"सोडत नाही," ती म्हणाली. "झाडाला सेलेनियम लागत नाही."

"माणसाला लागतं," मुजावर म्हणाले.

ते काही टोचून बोलले नव्हते. पण शैलजाच्या डोळ्यांसमोर मनोरे आले. हिरवीगार, टवटवीत झाडं. तीस वर्षं तिनं पानांकडे बघून सूत्र बरोबर की चूक ते ठरवलं होतं. पान पिवळं पडलं तर लोह कमी, कडा करपल्या तर पालाश कमी. झाड स्वतःचं दुखणं पानावर लिहून दाखवतं. खाणाऱ्याचं दुखणं ते कुठे लिहिणार? आणि बोअरच्या पाण्यातला, त्या साध्या खतांतला कचरा, जो तिनं एवढ्या अभिमानानं काढून टाकला, त्या कचऱ्यानंच आधीची नऊ वर्षं या माणसांना जगवलं होतं.

"माझं काढा," ती म्हणाली. "चित्र. माझ्या हृदयाचं."

चित्र आलं. पडद्यावर हळदीसारखी पिवळी झाक पसरली होती, पुण्याच्या माणसाइतकीच.

मुजावरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही बाहेरचं खाता?"

मनोऱ्यातल्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, भाकरी थापताना चिरते. म्हणून तिचा भाऊ दर दोन महिन्यांनी मंगळवेढ्याहून काळ्या रानातल्या ज्वारीचं पोतं आणून टाकायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. चार हजार माणसांचं जेवण ठरवणारी बाई स्वतः ते जेवत नव्हती, हे आजवर तिच्याच लक्षात आलं नव्हतं.

वसाहतीचा संचालक अभिजित रणनवरे तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिला मानणारा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाण्यात सेलेनियम आजपासून सोडता येईल?"

"तासाभरात."

"आणि गोळ्या?"

"मुजावरांनी मागवल्यात. उद्या येतील."

"मग झालं की, ताई. शक्तीच्या गोळ्या म्हणून वाटू. तीन महिन्यांत सगळे ठणठणीत होतील. आता 'आपल्या अन्नात खोट होती' असं सांगितलं तर काय होईल? लोक घाबरतील, पळत सुटतील. बाहेर अशाच सतरा वसाहती उभ्या राहताहेत, त्या बंद पडतील. त्यानं गेलेली चार माणसं परत येणार आहेत का?"

शैलजानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. पण त्या दुपारी तिनं सेलेनियमचं द्रावण स्वतः तयार केलं, अकराही मनोऱ्यांत सोडलं आणि नोंदवहीत 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं.

त्याच संध्याकाळी गार्गीचा फोन आला. "आई, जिना चढला की धाप लागते गं. पायही सुजलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सातव्या-आठव्यात होतंच असं."

"होतं गं असं," शैलजा म्हणाली. "तुझ्या वेळी मलाही झालं होतं. उशीला टेकून झोपत जा."

फोन ठेवल्यावर तिला खरं तर बरं वाटलं. गार्गी कोल्हापुरात राहते, मातीतलं खाते. तिला कसली काळजी?

चार दिवस असे गेले. गोळ्या वाटल्या. लोकांनी कौतुकानं घेतल्या. पाचव्या दिवशी सकाळी मुजावर स्वतःच शैलजाच्या प्रयोगशाळेत आले. दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बसून घ्या."

"आता काय?"

"सेलेनियम नुसतं कमी असलं तर माणूस एवढ्या झटकन मरत नाही. चौघांच्याही हृदयात मला एक विषाणू सापडला. अगदी साधा आहे. मुलांना दोन दिवस ताप येतो, नाक वाहतं, संपलं. आपण सगळ्यांनी लहानपणी तो भोगलाय. पण ज्या शरीरात ठिणग्या विझवायला कुणी नाही, तिथे त्या विषाणूची नक्कल होताना त्याच्या मूळ मजकुरातच चुका होतात. पुण्याहून अहवाल आलाय. सहा जागी बदललाय. त्या सहा बदलांनी तो हृदयाचा स्नायू खाणारा झालाय."

"मग गोळ्यांनी..."

"ऐका ना. उंदरांवर हे गेल्या शतकातच दिसलं होतं. सेलेनियमला उपाशी ठेवलेल्या उंदरात बदललेला विषाणू नंतर धडधाकट उंदरात सोडला, तर त्यानं त्याचंही हृदय पोखरलं. एकदा बदलला की तो मागे फिरत नाही. त्याला घडायला उपाशी शरीर लागलं. आता पसरायला कुठलंही चालतं."

शैलजाला डोहाळजेवण आठवलं. झोपाळा, हिरवा चुडा. नाक पुसत पुसत गार्गीच्या गालाला गाल लावून फोटो काढणारी प्रणाली.

"मुजावर," ती म्हणाली, "माझी मुलगी आली होती. महिन्यापूर्वी."

मुजावरांनी फक्त विचारलं, "धाप लागते का तिला?"

रणनवरेला त्यांनी दोघांनी मिळून सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तो म्हणाला ते हेच: "परवापासून दिवाळीची सुट्टी. सोळा बसगाड्या ठरल्यात. कुठल्या कारणानं थांबवू? मी वरिष्ठांशी बोलतो. लेखी आदेश येऊ दे. दिवाळी होऊन जाऊ दे, ताई, मग बघू."

"सोळा गाड्या म्हणजे सोळा गावं," मुजावर म्हणाले.

"आणि ताई, तुम्ही आज बोललात तर फाटक तुमच्यासाठीही बंद होईल," रणनवरे म्हणाला. त्याला धमकी द्यायची नव्हती. खरंच सांगत होता. "गार्गीची अशी अवस्था आहे म्हणता. गाडी देतो, आत्ता निघा. दोन-अडीच तासांत कोल्हापूर."

शैलजा उभीच होती. तिला गाडीत बसलेली ती स्वतः दिसली, गार्गीच्या उशाशी बसलेलीही दिसली. आणि तिच्या नाकाघशात काय असेल हे तिलाच ठाऊक नव्हतं. पिवळ्या हृदयाची, ठणठणीत. रोग अंगावर न उमटवता नेणारी.

सुट्टीआधीची शेवटची सभा म्हणून सगळी वसाहत त्या दुपारी सभागृहात जमली होती. मुलांच्या किल्ल्यांच्या स्पर्धेचा निकाल होता. शैलजा सरळ व्यासपीठावर गेली आणि तिनं सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला.

"मी शैलजा माळवदे. मनोऱ्यांचं पाणी मी ठरवते. त्या पाण्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे."

हशा पिकायला लागला होता तो विरला. तिनं सगळं सांगितलं. झाडाला न लागणारं मूलद्रव्य, फुगलेली हृदयं, बदललेला विषाणू. गोळ्या कसल्या होत्या तेही सांगितलं. "प्रणाली उन्हानं गेली नाही. आणि मला हे कळून चार दिवस झाले. चार दिवस मी गप्प बसले."

मागून एक माणूस उठला. तिसरीतल्या त्या मुलीचा बाप, सौरपट्ट्यांच्या दुरुस्तीवरचा. "बाई, तुमच्या घरी कुणाला काही झालं नाही ते कसं?"

"मी मनोऱ्यातलं खात नाही," शैलजा म्हणाली. "माझ्या भावाची ज्वारी येते. मंगळवेढ्याची."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या माणसानं तिच्याकडे नुसतं बघितलं, मग शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि खाली बसला.

"कुणीही बाहेर जाऊ नका," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून नव्हे. तुम्ही ज्यांच्याकडे दिवाळीला निघालाय त्यांच्यासाठी."

मुजावरांनी तोवर राज्याच्या आरोग्य खात्याला अहवाल पाठवला होता. सूर्य मावळायच्या आत वसाहतीच्या फाटकावर पोलीस उभे राहिले. बातमी सगळ्या वाहिन्यांवर झळकली. गेल्या दोन महिन्यांत नवांकुरला जो कुणी जाऊन आला असेल, त्यानं तडक इस्पितळ गाठावं.

कोल्हापुरात गार्गीच्या नवऱ्यानं, समीरनं, ती बातमी पाहिली आणि बायकोला गाडीत घातलं. ज्या डॉक्टरीणबाईंनी 'होतंच असं' म्हणून परत पाठवलं होतं, त्यांनीच दाराशी येऊन तिला आत घेतलं. हृदय निम्म्या ताकदीनंही चालत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पोट उघडून मूल बाहेर काढलं. मुलगी, पावणेदोन किलो. पुण्याच्या प्रयोगशाळेनं त्या विषाणूवरची प्रतिद्रव्यं घाईघाईनं बनवली. ती टोचून घेणाऱ्यांत गार्गीचा नंबर सातवा.

शैलजानं हे सगळं फोनवर ऐकलं. फाटक सत्तेचाळीस दिवस बंद होतं. त्या सत्तेचाळीस दिवसांत तिच्याशी बोलणारे एकटे मुजावर. बाकी माणसं ती समोरून आली की रस्ता बदलायची. तिच्या दाराशी एक दिवस कुणीतरी ज्वारीच्या चार कणसांची जुडी ठेवून गेलं. मनोऱ्यातली होती, टपोरी आणि निरोगी. ती तिनं उचलली नाही, फेकलीही नाही. वसाहतीत एकूण एकोणीस माणसं गेली, बाहेर सहा. मुजावर म्हणायचे, गाड्या सुटल्या असत्या तर आकडा लिहिता आला नसता. शैलजाला तो हिशेब ऐकवत नसे.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी चौकशी समितीनं तिचा जबाब घेतला, पारपत्र ठेवून घेतलं आणि जायला परवानगी दिली. ती तशीच कोल्हापूरला गेली.

दार समीरनं उघडलं. 'या' म्हणाला आणि बाजूला झाला, डोळ्याला डोळा न भिडवता. गार्गी खिडकीपाशी पलंगावर बसली होती. गालाची हाडं वर आलेली, ओठांना निळसर छटा. मांडीवर बाळ होतं. शैलजा उंबऱ्याशीच थांबली.

"ये ना, आई."

"गार्गी," शैलजा म्हणाली. वाटेत तिनं पुष्कळ जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "तू पहिला फोन केलास ना, धाप लागते म्हणून. तेव्हा मला सेलेनियमचं कळलेलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं. मी तेव्हाच जाहीर बोलले असते, तर तुझ्या डॉक्टरांनी तुला चार दिवस आधी तपासलं असतं."

"माहितेय," गार्गी म्हणाली. "तुझं भाषण मी ऐकलं. चार दिवस, असं तूच म्हणालीस त्यात. डॉक्टरांना विचारलं मी. चार दिवसांनी किती फरक पडला असता म्हणून."

"काय म्हणाले?"

गार्गीचा श्वास वर चढत होता, शैलजाला तो खोलीच्या दुसऱ्या टोकाशी ऐकू येत होता. कपाळावर घाम डवरला होता. तिनं दोन्ही हात बाळाखाली घातले आणि त्या अडीच किलोच्या जिवाला मांडीवरून वीतभर वर उचललं. तिचे दंड थरथरू लागले.

"घे हिला," ती म्हणाली. "लवकर घे. मला दोन मिनिटांच्या वर धरवत नाही."